कोकणात संकरित भात लावावं का? जाणकारांशी बोलायचंय

ओटीवरची | १० मे

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची ३२ गुंठे भातशेती आहे, तीही सात खाचरांत विखुरलेली. बाबांनी चाळीस वर्षं ती केली. बियाणं घरचं, पेंढ्याच्या बिवळ्यात बांधून माळ्यावर ठेवलेलं. गेल्या वर्षापासून गुडघ्यांमुळे त्यांना चिखलात उतरता येत नाही, म्हणून शेती माझ्यावर आणि चुलतभावावर आली. भाऊ म्हणतो, यंदा सगळ्या ३२ गुंठ्यांत संकरित लावू. बाबा म्हणतात, जे बी पुढच्या वर्षी पेरता येत नाही ते आपलं नव्हे. रोज जेवताना हाच विषय.

मला दोघांचंही पटतं, म्हणून महिनाभर मिळेल ते वाचत बसले. आणि लक्षात आलं की हा वाद आमच्या पानावरचा नाही, शास्त्रज्ञांमध्येही तो साठ वर्षं चालू आहे.

जेवढं समजलं तेवढं लिहिते. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर करून तयार केलेलं बी. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात आणि ते आपल्याच परागाने फळतं. मक्याचा तुरा खुडून टाकला की संकर होतो, तसं भातात करता येत नाही. त्यामुळे संकरित भात हे प्रयोगशाळेतलं कौतुक, शेतात परवडणार नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी १९६४ पासून याचा पाठपुरावा केला. ज्याचा पराग वांझ आहे असं झाड त्यांना हवं होतं. ते १९७० मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना हैनान बेटावर, पाणथळ जागेतल्या रानटी भातात सापडलं. १९७३ मध्ये तीन वाणांची साखळी जमली आणि १९७६ पासून हे भात शेतकऱ्यांकडे गेलं. पुढे चीनचं निम्म्याहून जास्त भातक्षेत्र संकरित झालं.

आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८९ मध्ये मोठा प्रकल्प हाती घेतला, १९९४ मध्ये पहिले संकरित वाण आले. तीस वर्षं उलटली, तरी देशाच्या भातक्षेत्रात संकरित भाताचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच आहे, आणि त्यातलाही बराचसा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, छत्तीसगड या भागात.

मला प्रश्न पडलाय तो हा. उत्पादन जास्त येतं हे तर कोणी नाकारत नाही. मग घोडं अडलं कुठे? आणि आपल्या पावसात, आपल्या एवढ्याशा खाचरांत हे भात बसतं का? नुसतं 'लावा' किंवा 'लावू नका' असं नको, कारण लिहा.

खारेपाट | १० मे

पेणच्या खाडीकाठची माणसं आम्ही. आमच्यापुरतं उत्तर सोपं आहे. उधाणाला बांध फुटला किंवा उघाडी (बांधातली पाण्याची झडप) नीट बसली नाही की खारं पाणी आत येतं, आणि त्यात बाजारातलं संकरित बी तग धरत नाही. मी दोन वर्षं लावून पाहिलं. पहिल्या वर्षी पाऊस भरपूर पडला, मीठ धुऊन गेलं, भात झकास आलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात पंधरा दिवस उघडीप पडली आणि पातीचे शेंडे जळून पांढरे झाले. शेजारी पनवेल-३ होतं, ते उभं राहिलं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ हे वाण काढलेत, त्यांचं बी दोन-तीन वर्षं घरचं चालतं. आमच्याकडे पुष्कळ जण राहू करतात, म्हणजे मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरतात. महाग बी तसं फेकायला हात धजत नाही.

राजनाला | ११ मे

ताई, तुमचा 'घोडं अडलं कुठे' हा प्रश्न मला फार जवळचा आहे. मी कर्जत तालुक्यातला. संकरित भाताच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मी अनेक उन्हाळे काम केलंय, आधी मजूर म्हणून आणि मग मुकादम म्हणून. हे बी महाग का, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन वाण लागतात. एक मादी, जिचा पराग वांझ. दुसरा तिचा जोडीदार, दिसायला अगदी तिच्यासारखा पण पराग चांगला. मादीचा वंश चालवायला तो लागतो. तिसरा खरा नर, ज्याच्या परागाने संकर होतो आणि पुढच्या पिकाला दाणे भरायची ताकद परत मिळते. शेतात मादीच्या आठ ओळी, नराच्या दोन, परत आठ, परत दोन, अशी लावणी. दोघं एकाच आठवड्यात फुलायला हवेत, म्हणून नराची रोपं एकदम टाकत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा टाकतात. एवढं करूनही एखाद्या वर्षी थंडी लांबते, नर मागे पडतो आणि मादी वाट बघत राहते. तसं झालं की वर्ष गेलं.

मादीची लोंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर येत नाही, म्हणून जिबरेलिक आम्लाची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची, फवारणी. मग भेसळ काढणं. सकाळी ओळीत शिरायचं आणि प्रत्येक लोंबीचे परागकोश बघायचे. मादीचे फिकट, सुकल्यासारखे. ज्याचे पिवळे आणि टपोरे ते झाड भेसळीचं, मुळासकट उपटायचं. बायांची नजर यात आमच्यापेक्षा कितीतरी पक्की.

आणि मग दोरी. साडेनऊ-दहाला ऊन चढलं की भाताची फुलं उघडतात आणि तासा-दीड तासात मिटतात. तेवढ्या वेळात दोघांनी बांधांवरून लांब दोरी धरून नराच्या ओळींवरून ओढत न्यायची. ओळ वाकते, उसळते आणि पिवळा धुरळा उठून मादीच्या ओळींवर बसतो. अर्ध्या तासाने परत. असं आठ-दहा दिवस रोज. पराग हवेत काही मिनिटंच जगतो, त्यामुळे दोरी ओढणाऱ्याला चहाला थांबता येत नाही. त्या सकाळी वारा पडला तर पोटात गोळा यायचा.

इतकं करून हेक्टरी बी मिळतं दहा-पंधरा क्विंटल, जमलं तर थोडं जास्त. आजूबाजूला शंभर मीटरपर्यंत दुसरं भात त्या वेळी फुलोऱ्यात नको. आता आपल्या भागात चार भावांच्या चार खाचरांत शंभर मीटर कुठून आणायचे? पावसाळ्यात तर हे जमतच नाही. आमच्याकडे भिवपुरीच्या वीजघराचं पाणी राजनाल्याला येतं म्हणून उन्हाळी भात होतं. तसं पाणी कोकणात किती ठिकाणी आहे? म्हणून तर देशातलं बहुतेक संकरित भातबियाणं तेलंगणात, करीमनगर-वरंगळकडे तयार होतं.

चीनमध्ये हे काम सुरू झालं तेव्हा शेती सामूहिक होती, अख्खं गाव एका वाणाला लावता येत होतं. आपल्याकडे तसं नव्हतं. माझ्या मते घोडं तिथे अडलं.

कुणग्यातला | ११ मे

कुडाळकडचो मी. राजनाला यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकी मेहनत त्या पाकिटामागे असते हे माहीत नव्हतं.

पण माझी तक्रारही ऐका. चार वर्षांपूर्वी दुकानातून संकरित बी आणलं, किलोला तीनशेच्या आसपास. भात चांगलं आलं. माझ्या मनात आलं, एवढं सुंदर भात, यातलंच बी ठेवूया. पाकीट देणाऱ्याने 'हे परत पेरू नका' असा एक शब्द सांगितला नव्हता. पुढच्या वर्षी तरवा (रोपं) टाकला, लावणी केली आणि भाद्रपदात कुणग्याकडे, म्हणजे खाचराकडे, बघवेना. एक चूड (रोपांचा झुबका) गुडघ्याएवढा, शेजारचा छातीला लागणारा. काही पंधरा दिवस आधी पसवले, म्हणजे लोंबीवर आले, काही दिवाळी आली तरी हिरवेच. काही लोंब्या ताठ उभ्या होत्या, मला वाटलं भारी दिसतायत. हातात घेतल्या तर नुसता पोल. दाणाच नाही. कापणी तीन वेळा करावी लागली. आई बांधावर बसून म्हणाली, "बियाणां घरचां नाय, तर शेत घरचां कसां?" ते वाक्य अजून टोचतं.

आणि पेंढ्याचं कोणी बोलत नाही. बुटक्या भाताचा पेंढा गुरांना पुरत नाही. आमचं वालय हे देशी भात उंच वाढतं, दाणा लाल, पेज गोड लागते. शास्त्रज्ञांनी ही साठ वर्षं आमच्या वालय, बेळा, सोरटी, मुणग्यावर घातली असती तर आज हा धागा काढायची वेळ आली नसती.

लोंबी | १२ मे

मी भाताच्या अनुवंशशास्त्रावर काम करते, घर देवगडचं. कुणग्यातला, तुम्ही जे पाहिलंत त्याला आमच्या भाषेत दुसऱ्या पिढीतलं विघटन म्हणतात. आई-बापांचे गुण पहिल्या पिढीत एकत्र येतात, दुसरीत पत्ते पिसल्यासारखे वेगळे होतात. पोल लोंब्या त्यामुळेच: आजीचा वांझ पराग काही झाडांत परत डोकं वर काढतो, आणि तो सावरणारा आजोबांचा गुण त्या झाडांच्या वाट्याला आलेला नसतो. दुकानदाराने हे सांगायलाच हवं होतं. यात तुमची काही चूक नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगावीशी वाटते. युआन यांनी १९६०च्या सुमारास शेतात एक अतिशय जोमदार झाड पाहिलं, मोठ्या भरलेल्या लोंब्यांचं. मोठ्या आशेने त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं आणि तुमच्यासारखंच झालं. उंच, बुटकं, लवकर, उशिरा, सगळं विस्कटलेलं. ते निराश झाले, आणि मग त्यांना सुचलं की ज्याअर्थी मुलं इतकी वेगवेगळी निघाली, त्याअर्थी ते पहिलं झाड निसर्गात आपोआप झालेला संकर असणार. म्हणजे भातातही संकराचा जोम आहे, संकर आई-बापांपेक्षा जोरदार येतो. त्यांचं पुढचं सगळं काम त्या विस्कटलेल्या वाफ्यातून निघालं.

आता ओटीवरचींच्या मूळ प्रश्नाकडे. शास्त्रज्ञांत ढोबळ मानाने दोन बाजू आहेत आणि दोन्ही आपल्या देशातल्याच आहेत. एक बाजू म्हणते, जमीन वाढणार नाही, पाणी वाढणार नाही, खाणारी तोंडं वाढतायत, तर पंधरा-वीस टक्के जास्त देणारा जोम सोडून कसं चालेल? फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत संत विरमाणी यांनी उष्ण कटिबंधासाठी संकरित भाताचं काम उभं केलं, आपल्याकडे ई. ए. सिद्दीक यांनी देशाचा प्रकल्प चालवला. ही माणसं गरीब शेतकऱ्याचाच विचार करत होती.

दुसऱ्या बाजूला डॉ. रिछारिया. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते, पुढे छत्तीसगडमध्ये त्यांनी देशी भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. लोक त्यांना फक्त देशी वाणांचे कैवारी म्हणून ओळखतात. पण संकराच्या जोमाला त्यांचा विरोध नव्हता. १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं की संकरित झाडाचे फुटवे वेगळे करून लावत गेलं तर तोच जोम बीशिवाय टिकवता येईल. म्हणजे बी दरवर्षी विकत घ्यायला नको. आपल्याकडे नांगी भरताना, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना, तरवा कमी पडला की फुटलेल्या चुडातून दोन-चार फुटवे काढून लावतात ना, तेच तत्त्व. त्याला हात फार लागतात हे खरं, पण ते हात शेतकऱ्याच्या घरचे. ही वाट पुढे कोणी नीट चाललंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

भीतीचं आणखी एक कारण आहे. जगातल्या बहुतेक संकरित भातांमध्ये आईकडून आलेला, पराग वांझ करणारा पेशीरस त्या हैनानच्या रानटी भाताचा आहे. अमेरिकेत मक्याच्या बहुतेक संकरित वाणांत असाच एका प्रकारचा पेशीरस होता आणि १९७० मध्ये एका करप्याने मैलोन्‌मैल पीक बसवलं. योगायोग असा की हैनानचं झाड सापडलं तेही त्याच वर्षी. भातात तसं आजवर झालेलं नाही, पण म्हणून नव्या माता शोधणं थांबवून चालत नाही.

राजनाला | १२ मे

कुणग्यातला दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण शास्त्रज्ञांनी आपल्यासाठी काही केलं नाही, हे मला मान्य नाही. कर्जत-१८४, कर्जत-३, रत्नागिरी-२४ हे कोणी काढले? हे सगळे सरळ वाण आहेत, बी घरचं ठेवता येतं. आणि संकरितातही 'सह्याद्री' हा वाण १९९८ मध्ये आमच्या कर्जतच्याच केंद्रातून आला, मागून सह्याद्री-२, ३, ४. ते खासगी नाहीत, विद्यापीठाचे आहेत. मी त्या लोकांना ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याला फडकं बांधून लोंब्या मोजताना पाहिलंय.

कुणग्यातला | १२ मे

माझा शब्द जड गेला, मागे घेतो. विद्यापीठाच्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण लाल भात आणि पेंढा हा मुद्दा तसाच उभा आहे.

ओटीवरची | १३ मे

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोरीचं वर्णन ऐकताना ते उठून बसले.

त्यांनी एक विचारलंय. आमच्या शेजाऱ्यांनी संकरित भात लावलं होतं, त्याचा भात शिजवला की काही शितं मऊ आणि काही टणक लागायची, आणि निवला की चिकट गोळा व्हायचा. असं का? दळणाला दिलं तर भाकऱ्या मात्र छान झाल्या म्हणे.

लोंबी | १३ मे

बाबांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, हे आमच्या परीक्षेत विचारतात! आपण लावतो ती पहिली पिढी, पण त्या झाडावरचा दाणा म्हणजे दुसरी पिढी. म्हणजे आपण खातो तो तांदूळ विघटन झालेला असतो. आई-बापांच्या तांदळाचा गुण वेगळा असेल तर एकाच पातेल्यात दोन-तीन तऱ्हेची शितं येतात. म्हणून संकर करताना दोघांची शिजण्याची प्रत जुळती घ्यावी लागते. सुरुवातीच्या पुष्कळ भारतीय वाणांची आई एकच, आयआर ५८०२५ ए नावाचा वांझ परागाचा वाण. सह्याद्रीचीही तीच. तिच्यामुळे भात थोडा चिकट आणि किंचित वासाचा होतो. मोकळ्या भाताची सवय असलेल्या दक्षिणेत लोकांनी आणि गिरणीवाल्यांनी नाक मुरडलं, भाव कमी मिळाला. ते कमी करण्यासाठी पुढे नव्या माता तयार झाल्या.

ओटीवरची | १४ मे

आज भावाबरोबर वहीत हिशोब मांडला. १० गुंठ्यांना संकरित बी दोन किलो, म्हणजे सहाशे रुपये. सुधारित सरळ वाण असता तर चार किलो, तेही घरचं. सुधारित वाणाचं आमचं १० गुंठ्यांना चार क्विंटल येतं. त्यावर पंधरा-वीस टक्के म्हणजे ६० ते ८० किलो जास्त. २०२४-२५ च्या २३०० रुपये हमीभावाने ती रक्कम होते चौदाशे ते अठराशे. बी वजा जाता आठशे ते बाराशे उरले. त्यातून जास्तीचं खत आणि एखादी फवारणी. भाऊ गप्प झाला. तो म्हणाला, आपण विकतच नाही, खातो, तर ७० किलो तांदूळ... आणि मग त्याच्याच लक्षात आलं की ते भात आहे, भरडल्यावर ४५ किलोच्या आसपास उरेल. तेही थोडं नाही, दोन महिने घर चालतं. कोणाचं चुकलं असं म्हणता येईना.

राजनाला | १४ मे

हिशोब चोख आहे. फक्त ते पंधरा-वीस टक्के आपोआप येत नाहीत. रोप कोवळं, एकवीस-पंचवीस दिवसांचं लावायचं, चुडात एक, फार तर दोन रोपं. आपल्याकडे मूठभर रोपं खुपसायची सवय, तिथे बी दुप्पट जातं आणि फुटवे फुटत नाहीत. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री ऐकली असेल: पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत, गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एकेक गोळी. आपल्या पावसात फेकलेला युरिया बांधावरून वाहून जातो, गोळी चिखलात राहते. हे सरळ वाणाला केलं तरी फरक दिसतो. भावाला सांगा, आधी हे करून बघ.

आणि वाण निमगरवा, म्हणजे मध्यम मुदतीचा, बघा. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, संकरित परतीच्या पावसात सापडलं तर उभ्या लोंबीला मोड येतील.

खारेपाट | १५ मे

कायद्याचं एक कोणी लिहिलं नाही. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आपल्याला स्वतःचं बी ठेवायला, पेरायला, देवघेव करायला, विकायलाही मोकळीक देतो, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. संकरिताला हा हक्क कागदावर आहेच, पण कुणग्यातला यांनी दाखवलं तसं, शेतात त्याचा उपयोग नाही. बाबांचं 'आपलं नव्हे' मला तरी याच अर्थाने पटतं.

लोंबी | १५ मे

म्हणूनच मला आशा वाटते ती दुसऱ्या एका कामाची. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने २०१९ मध्ये भाताला फलनाशिवाय बी धरायला लावलं. म्हणजे दाणा हा झाडाची हुबेहूब प्रत. २०२२ मध्ये अशाच कामात ९५ टक्क्यांच्या वर दाणे तसे मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. हे शेतात आलं तर संकरित भाताचं बी घरी ठेवता येईल. यात जनुकीय बदल आहेत, त्यामुळे परवानग्यांचा रस्ता लांब आहे. आणि ते वाण कोणाच्या मालकीचे असतील, हा खारेपाट यांचा प्रश्न तिथेही येणारच. पण रिछारियांनी फुटव्यातून जे मागितलं होतं, तेच दाण्यातून मिळू शकतं हे दिसलंय.

एक गैरसमजही दूर करते: आज बाजारात मिळणारं संकरित भात जनुकीय बदल केलेलं नाही. तो नेहमीचाच संकर आहे.

ओटीवरची | २ जून

धागा वर आणतेय. आमचं ठरलं. विहिरीजवळच्या दोन खाचरांत, म्हणजे ९ गुंठ्यांत, सह्याद्री गटातलं संकरित. बाकी २३ गुंठ्यांत रत्नागिरी-२४ आणि घरचं जुनं. गोळ्या दोन्हीकडे टाकणार, म्हणजे फरक दिसला तर तो बियाण्याचा, खताचा नव्हे. काल राब भाजून झाला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून झाला. संकरिताचा वाफा बाबांनी स्वतः वेगळा आखून घेतला, मध्ये करवंदीच्या काट्यांची ओळ ठेवली, रोपं मिसळू नयेत म्हणून. आणि माळ्यावरचा शेवटचा बिवळा सोडून बी उन्हात घातलंय. तीन वर्षांचं जुनं आहे. उगवेल का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवलेत.

कुणग्यातला | ३ जून

तीन पावसाळे गेलेलं बी जरा अवघडच. शंभरात साठ मोडले तर दीडपट घेऊन टाका, त्याखाली गेलं तर मला कळवा. माझ्याकडे घरचं वालय आहे, पायलीभर एसटीने चिपळूणपर्यंत पाठवतो.

ओटीवरची | ५ जून

एकेचाळीस मोडले. बाबांनी स्वतः मोजले, दोनदा. पाठवाल का?